विहीणबाई, मालिका पुढं बघायची का सोडायची?

विहीणबाई, तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी मैथिलीचा नवरा परत आला. साडेसातच्या मालिकेतला आपला केदार हो. पहिल्या वेळी तो गाडीसकट दरीत पडला होता, दुसऱ्या वेळी होडीतून समुद्रात, आणि या खेपेला तर त्याची आई सुलक्षणाबाई स्वतः स्मशानात जाऊन आली होती. तरी आला. दाढी वाढवून दारात उभा राहिला, घरातल्या पंधरा माणसांची तोंडं तीन-तीनदा दाखवली आणि भाग संपला. मी टीव्ही लावला होता हे आधीच कबूल करते. आवाज बंद ठेवला होता. विहिणीचं सुतक आम्हाला लागत नाही, पण शेजाऱ्यांना कान असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, दूध तापवून झाल्यावर, मी सवयीनं फोनपाशी गेले आणि तुमचा केडगावचा नंबर दाबायला लागले. निम्म्यावर हात थांबला. तुमच्या दारात मी रडले होते ते चारचौघींसारखं, एकेकीच्या गळ्यात पडून. रिसीव्हर हातात धरून रडले ते माझं एकटीचं होतं. आमचे हे बाहेरून म्हणाले, "काय झालं गं?" मी म्हटलं, "केदार आला परत." त्यांनी पुढं काही विचारलं नाही. शिरूर डेपोत तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस, बायको मालिकेपायी रडते याची त्यांना सवय आहे.

तुमच्या दहाव्याला नदीवरच्या मांडवात एका पुढाऱ्यानं भाषण केलं. आपल्याकडे दहावा म्हटला की पुढारी येतो आणि आला की बोलल्याशिवाय जात नाही. त्यांनी चिठ्ठीवरून तुमचं नाव वाचलं आणि म्हणाले, "सोनाबाई अतिशय मितभाषी होत्या." मी आणि माझ्या लेकीनं, वैशालीनं, एकमेकींकडे बघितलं. मला तोंडाला पदर लावावा लागला. बायकांना वाटलं, विहिणीला हुंदका आला. रोज सकाळी अर्धा तास माझा कान गरम करणारी बाई मितभाषी! त्या माणसानं तुम्हाला एकदा जरी मालिकेबद्दल विचारलं असतं ना, तर त्याची पुढची सभा बुडाली असती.

पण मी हसायला म्हणून लिहीत नाही. सहा वर्षांत मी तुमच्या घरी घोटभर पाणीसुद्धा प्यायले नाही. ते तुम्हाला लागून राहिलं होतं हे मला ठाऊक होतं. किती लागलं होतं आणि त्यापायी तुम्ही काय काय केलंत, ते मला त्या दहाव्याच्याच दिवशी कळलं. तेव्हापासून तुम्हाला फोन करायची इच्छा जात नाही, म्हणून कागद घेतला.

रीत आमच्याकडची जुनी. लेक दिली की तिला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझ्या आईनं पाळली, आजीनं पाळली. त्यांचं वर्ष-दोन वर्षांत निभावलं. आमच्या वैशालीच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, तशी माझी रीत लांबत गेली. आमच्या ह्यांनी ती पहिल्याच भेटीत मोडली. "मी ड्रायव्हर माणूस, जिथं गाडी थांबेल तिथं जेवतो," म्हणाले आणि तुमच्याकडे चार भाकऱ्या खाऊन आले. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

आणि तुम्ही? तुम्ही शिरूरला आलात की हातपाय धुऊन सरळ माझ्या स्वयंपाकघरात. डब्यांची झाकणं उघडून बघायचात. एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणालात, "मी तुमच्यात खाती, तुमी माज्यात खात न्हाई. म्हंजी सोयऱ्यांत खादाड कोण ठरलं? मीच की." मी हसून आणखी एक भाकरी वाढली.

लग्नानंतर पहिलं वर्षभर आपल्याला बोलायलाच काही नव्हतं. फोनवर "बरंय का?" "बरं हाय." "पाऊसपाणी?" "न्हाई अजून." आणि मग दोघी गप्प. वैशाली कशी आहे विचारावं तर तुम्हाला वाटणार, विहीण चौकशी करते. तुम्ही तिचं काही सांगावं तर मला वाटणार, गाऱ्हाणं करतात. विहिणी-विहिणींनी बोलायचं तरी कशावर, हे कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही.

आपल्याला बोलतं केलं ते लोडशेडिंगनं. शिरूरला सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी संध्याकाळी लाइट जायची. केडगावला मंगळवारी आणि गुरुवारी. मालिका पाच दिवसांची. म्हणजे तुमची तीन दिवसांची आणि माझी दोन दिवसांची जोडली की एक अख्खी मालिका व्हायची. एकदा मी सहज विचारलं, "काल मैथिलीचं काय झालं हो?" आणि तुम्ही जे सुरू झालात ते अर्ध्या तासानं थांबलात, तेही म्हैस ओरडली म्हणून.

तुमच्या तोंडची मालिका वेगळीच होती. सुलक्षणाबाई तिकडे दिवाणखान्यात मोत्याचे दागिने घालून शुद्ध पुणेरी बोलते, पण तुमच्याकडून ऐकताना ती केडगावची असायची. "मंग ती सुलक्षणी म्हनली, ए भवाने, कुठं निघालीस त्वांड वर करून? तवा मैथिली म्हनली, आत्याबाई, मला बी जीव हाय." दुसऱ्या दिवशी लाइट असली की मी बघायचे, तर तीच बाई हळूच म्हणायची, "मैथिली, मला तुझं वागणं पटलेलं नाही." मला फसवल्यासारखं वाटायचं. तुमची सुलक्षणाबाई कितीतरी जास्त जिवंत होती. तिला निदान राग यायचा.

आणि माणसं तुम्ही कशी ओळखायचात! त्या घरात तीन दीर, चार जावा, दोन आत्या, एक जुळी बहीण. मला सहा महिने लागले. तुम्ही दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना नावानिशी ओळखलंत. मी विचारलं तर म्हणालात, "दीडशे मेंढरं वळखायची म्या लहानपनी, त्वांडावरनं. ही तर वीस मान्सं हायती." तुमचा बाप कळप घेऊन फिरायचा, तुम्ही लग्नानंतरच एका जागी घर करून राहिलात. मेंढरं गेली, नजर राहिली. नवीन माणूस मालिकेत आला की तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायचात, "ही टिकायची न्हाई. डोळ्यात जीव न्हाई." आणि ती महिन्याभरात परदेशी जायची.

मालिकेवर तुमचे आक्षेपही होते. "येवढं मोटं घर, आन् चूल कुठं हाय? सकाळपास्नं हिरव्या साड्या नेसून जिन्यावर उभ्या ऱ्हात्यात. भाकरी कोन थापतंय?" झोपताना नथ कशी काय, हाही तुमचा प्रश्न होता. एकदा म्हणालात, "दोन वर्सं बगतीय, येकीनं बी भांडं घासल्यालं न्हाई." दर पाडव्याला तुम्ही जाहीर करायचात, आता बास, सोडली मालिका. मी म्हणायचे, एवढ्यात नका, मैथिलीवरचा चोरीचा आळ तरी जाऊ द्या. आळ गेला की दुसरा यायचा. अशी ती तीन वर्षं तुम्ही सोडलीत आणि मी धरून ठेवली.

आपली भांडणं आता आठवली की मला माझंच हसू येतं. तुम्ही माझ्या लेकीची सासू, म्हणून मी मालिकेतल्या सासूची बाजू घ्यायची. माझी लेक तुमची सून, म्हणून तुम्ही सुनेची. "सुलक्षणाबाईंचं काय चुकलं? घर सांभाळायचं म्हणजे थोडं कडक वागावंच लागतं," असं मी म्हणायचे, आणि मनात तिला शिव्या द्यायचे. तुम्ही म्हणायचात, "त्या पोरीचा काय गुन्हा? उठू द्या तिला आठ वाजता." आणि मनातून तुम्हाला आठपर्यंत झोपणाऱ्या सुनेचा संताप यायचा, हे वैशाली मला सांगायची. दोघी उलट्या बाजूनं, जीव तोडून भांडायचो. एकमेकींचा मान राखायला किती खोटं बोललो आपण.

त्यात माझं केडगावला येणं. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला एसटी, पुढं सहा आसनी रिक्षा. तुमच्याकडे जेवायचं नाही, पण भूक तर लागणारच. म्हणून मी चौफुल्याच्या स्टँडवर बाकावर बसून डबा खायचे, बाटलीतलं पाणी प्यायचे, तोंड पुसायचे आणि मग पोट भरलेल्या माणसाच्या थाटात तुमच्या दारात यायचे. वैशाली पाण्याचा तांब्या आणायची. मी म्हणायचे, "नको गं, आत्ताच प्यायले." ती तांब्या परत न्यायची. तुम्ही बघत असायचात.

एके दिवशी तुम्ही चौफुल्याला बाजाराला आला होतात. मी बाकावर, मांडीवर डबा, तोंडात भाकरीचा घास, आणि समोर तुम्ही पिशवी घेऊन उभ्या. मला घास गिळता येईना. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, शेजारी बसलात आणि म्हणालात, "ठेचा कशाचा हाय? हिरव्या मिरचीचा? आना हिकडं." आपण दोघींनी माझा डबा संपवला. अर्धी-अर्धी भाकरी, गवारीची भाजी, ठेचा. तुम्ही बाटलीतलं पाणीसुद्धा वरून प्यायलात. मग म्हणालात, "स्टँडवर बसून खाल्लं तर चालतं व्हय? हितनं माजं घर दोन कोसावर हाय. तितं काय इख हाय का?" मी म्हटलं, "स्टँड माझ्या लेकीचं घर नाही, विहीणबाई." तुम्ही डब्याचं झाकण लावलंत, माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "व्हय. ते बी खरंच." त्या दिवसापासून तुम्ही मला जेवायचा आग्रह करणं सोडलंत. मला वाटलं, चला, समजल्या एकदाच्या.

त्यानंतर महिनाभरातच मालिकेत मैथिलीची आई आली.

तो बुधवार होता. आमच्याकडे लाइट नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही घाईघाईनं सांगायला लागलात, "इहीणबाई, काल काय झालं ठावं हाय का? मैथिलीची आय आली." मी म्हटलं, "अहो, ती तर पहिल्याच आठवड्यात वारली ना? भिंतीवर हार घातलेला फोटो आहे तिचा." तुम्ही क्षणभर थांबलात. मग म्हणालात, "वारली व्हती. आली परत." मी म्हटलं, "बरं, मग?" खरंच सांगते, एवढंच म्हणाले. ज्या घरात नवरा दोनदा मरून परत आला, तिथं आईनं एकदा यायला काय हरकत होती?

"मंग काय, सासूनं तिचं पाय धुतलं. पाटावर बसवलं. मैथिलीनं वाढलं. आन् आय पोटभर जेवली बगा. चार दिस ऱ्हानार हाय म्हने." मी उसळले. मेलेली बाई परत आली हे मी गिळलं, पण ती लेकीच्या घरी जेवली हे मला गिळवेना. "विहीणबाई, अहो, मैथिलीला मूल ना बाळ! आणि ही बया पाटावर बसून जेवते? लाज कशी नाही वाटली तिला? असल्या आयांमुळं लेकींना सासरी मान राहत नाही." मग तुम्ही म्हणालात, "टीव्हीतली हाय वो ती. ठिवते, दूध उतू चाललंय."

ती बाई मग अधूनमधून येतच राहिली. दिवाळीला आली, पुरणपोळी खाल्ली. सुलक्षणाबाईंचा गुडघा दुखायला लागला तेव्हा आली, आणि दोघी विहिणींनी एका ताटात खिचडी खाल्ली. एकदा तर म्हणे मैथिली आजारी होती आणि आई आल्याबरोबर उठून बसली. मी प्रत्येक वेळी तिला नावं ठेवली. एकदा म्हणाले, भिकाऱ्यासारखी येऊन बसते. एकदा म्हणाले, मरून परत आली ती जेवायलाच. तुम्ही ऐकून घ्यायचात. फक्त एकदा तिची बाजू घेतलीत. "तिची लेक किती खूस झाली, ते न्हाई का दिसलं तुमाला?" मी म्हटलं, "मला कसं दिसणार? आमच्याकडे लाइट नव्हती."

ती कायम सोमवारी, बुधवारी, नाहीतर शुक्रवारीच यायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटायचं, माझं नशीबच फुटकं, ही बाई नेमकी आमच्या अंधारात येते. मंगळवारी बघावं तर भिंतीवर तिचा फोटो, त्याला हार. मी मालिका काढणाऱ्यांनाच मूर्खात काढलं. म्हटलं, बाई जिवंत झाली तरी ह्यांना फोटो उतरवायची शुद्ध नाही. आमच्या ह्यांना सांगितलं, तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "नीट विचार विहिणीला." मी विचारलं नाही. तुमच्यावर माझा एवढा विश्वास होता.

शेवटी मीच कंटाळले. त्या शनिवारी फोनवर सांगितलं, "विहीणबाई, मी ही मालिका सोडणार. त्या मैथिलीच्या आईचं तोंड बघवत नाही मला." खरं तर ते मी एकदाही बघितलं नव्हतं. आणि तुम्ही, दर पाडव्याला मालिका सोडणाऱ्या तुम्ही, चक्क विनवण्या केल्यात. "नका सोडू. येवढा येक आटवडा बगा. पुढं काय व्हतंय ते तर बगा." मी म्हटलं, "काय व्हायचंय? येईल, जेवेल, जाईल." तुम्ही म्हणालात, "तसं न्हाई वो. तिच्या मनात काय चाललंय ते..." आणि मग थांबलात. "सोमवारी सांगते," म्हणालात.

रविवारी सकाळी धार काढून आलात, बादली ओट्यावर ठेवलीत, वैशालीला "च्या टाक गं" म्हणालात आणि भिंतीला टेकून बसलात ते बसूनच राहिलात. एवढंच झालं म्हणे. सोमवारी काय सांगणार होतात, त्याचा मी दहा दिवस विचार करत होते. मला वाटत होतं, मालिकेतलं काहीतरी असणार.

दहाव्याला नदीवरून आम्ही घरी आलो. बाहेर पुरुषांची पंगत बसली होती. वैशाली चुलीपुढं भाकऱ्या थापत होती आणि मी दाराच्या चौकटीला टेकून बसले होते. माझा डबा पिशवीत होता. चौफुल्याला खायचा राहिला होता, कारण आबा स्वतः गाडी घेऊन न्यायला आले होते. तुमच्या माघारी तुमच्या नवऱ्याला सोयऱ्यांचा मान कसा राखायचा ते बरोबर ठाऊक होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "वैशू, मैथिलीच्या आईचं पुढं काय झालं गं? तुझ्या आत्यांनी सोमवारी सांगते म्हटलं होतं."

वैशालीचा हात परातीत थांबला. "आई," ती म्हणाली, "मैथिलीला आई कुठंय?"

"परत आली ना ती."

"कुणी नाही आलं परत. ती पहिल्या आठवड्यातच मेली. आत्या सांगायच्या ते सगळं मनचं." ती म्हणाली, "तुला फोनवर सांगत असायच्या ना, तेव्हा मी इथंच भाजी निवडत बसायचे. पुरणपोळी म्हणू का श्रीखंड, असं मला खुणेनं विचारायच्या. दोघींना इतकं हसू यायचं, की एकदा आत्यांनी दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला, तेव्हा चुलीवर काहीच नव्हतं."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "आत्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, तुजी आय लई मानाची हाय. सरळ म्हनलं की ती रीत काढती. टीव्हीतनं सांगू, तिचं तिला कळंल." मग ती भाकरी थापत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू आल्याबरोबर पाणी नको म्हणायचीस ना, की सगळ्या घराला आठवायचं, मला मूल नाही ते. आत्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. शेजारणींना काढू दिलं नाही. तूच आठवण करून द्यायचीस, दर वेळी."

विहीणबाई, मी तुमच्या घरचं अन्न नाकारत होते ते तुमचा मान राखायला. माझ्या लेकीच्या सासरी माझ्यामुळं कुणी तिला बोलू नये म्हणून. आणि दोन वर्षं तुम्ही एका मेलेल्या बाईला उठवून, पाटावर बसवून, जेवू घालून मला बोलावत होतात, आणि मी तुम्हालाच सुनावत होते की तिला लाज नाही. तुमच्यासारख्या बाईला, जिला वीस माणसं तोंडावरून ओळखू येत होती, तिला माझं तोंड न बघताही फोनवरून कळत असणार, की ही बाई काही समजत नाहीये. तरी तुम्ही पुढच्या सोमवारी नवी गोष्ट रचायचात. मला माफ करा म्हणण्याचा आता काही उपयोग नाही, तरी म्हणते.

आणि मालिकेचं विचाराल, तर मी सोडली. केदार आला काय, गेला काय. मी बघायचे ते दोन दिवसांचं काही खास नव्हतंच. चांगलं होतं ते तुमच्या वाट्याचं, सोमवार-बुधवार-शुक्रवारचं, आणि ते आता कुठल्याच चॅनलवर लागणार नाही. आमचे हे म्हणतात, आता लोडशेडिंग बंद होणार म्हणे. होऊ दे. मला तुमच्या तोंडचं ऐकायची सवय लागली आहे, डोळ्यांनी बघितलेलं पुरत नाही.

बायकांची पंगत बसली तेव्हा वैशालीनं सवयीनं मला सोडून ताटं मांडली. मी उठले, हात धुतले आणि तुमच्या चुलत जावेच्या शेजारी जाऊन बसले. चुलत जाऊ म्हणाली, "इहीणबाई, तुमी तर जेवत न्हाई ना हितं?" मी म्हटलं, "जेवते. आजपासून." दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. पुढं नावं ठेवतील, ठेवू देत. एवढी वर्षं मीच ठेवत होते, कशी ठेवतात ते मला चांगलं माहीत आहे. वैशाली ताट घेऊन आली. आधी पाण्याचा तांब्या ठेवला. मी तो तोंडाला लावून निम्मा संपवला. मग ती आमटी वाढायला लागली तर तिला नीट दिसेना, निम्मी माझ्या लुगड्यावर सांडली.

आमटी अळणी झाली होती, विहीणबाई. मी तसं सगळ्यांसमोर सांगितलं, मीठ मागून घेतलं, आणि वर आणखी एक भाकरी मागितली.